मुळशीच्या पाण्याकाठी सायकलवरून

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे मागे टाकीत पौडला पोहोचतो. तेथवर त्याच्यावर शहराची छाया असते. कारखाने, गृहसंकुले आणि मंगल कार्यालये यांची रांग संपत नाही. पौड ओलांडल्यावर मात्र रस्त्याचा स्वभाव पालटतो. दोन्ही अंगांना भातखाचरे दिसू लागतात, डोंगर जवळ सरकतात आणि माले गाव मागे पडले की झाडांच्या फटींतून उजव्या हाताला पाण्याची पहिली रेघ चमकते. हाच मुळशीचा जलाशय. पावसाळ्यात येथे गर्दी उसळते. धबधबा, गरम भजी आणि छायाचित्रे एवढे उरकून मोटारी परत फिरतात. परंतु मुळशी नीट पाहावयाची असेल तर ती पाऊस सरल्यावर, कार्तिकातल्या निरभ्र उन्हात आणि सायकलच्या गतीने पाहावी, असे माझे मत आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत ग्रेट कम्ब्रे नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याच्या काठाकाठाने सुमारे १६ किलोमीटरचा रस्ता फिरतो. ऊन पडले की लेकुरवाळी कुटुंबे भाड्याच्या सायकली घेऊन त्या बेटाला फेरी घालतात. त्यात शर्यत नसते, विक्रम नसतो. वाटेत थांबत, खात-पीत केलेली ती सहल असते आणि व्यायाम तिच्या पोटात आपोआप होऊन जातो. आपल्यापाशी असे बेट नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. बेटाला पाणी वेढते. मुळशीत पाण्याला डोंगर वेढतात. लोणावळ्याच्या अंगाने मोठा वळसा घालून या जलाशयाची फेरी पूर्ण करणारे कसलेले सायकलस्वार आहेत. कुटुंबासाठी मात्र दक्षिणेचा काठ पुरेसा आहे. मालेपासून ताम्हिणी गावापर्यंत जाऊन परत यावे, की ३५ ते ४० किलोमीटरची, दिवसभर पुरेल अशी रपेट होते.

आमच्या या सहलीला एक कारण होते. माझे थोरले बंधू वीजखात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर वर्षभरातच त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. शस्त्रक्रिया सुरळीत झाली, औषधे चालू झाली. पण घरातले वातावरण बदलले. दादा जिना चढू लागले की वहिनी मागून हाक मारीत. पिशवी उचलली की कोणीतरी ती हातातून काढून घेई. अशा आजारानंतर रुग्णाचे शरीर सावरते, परंतु घराची भीती सावरत नाही, आणि ती भीती हळूहळू रुग्णाच्याही अंगात उतरते. दादांनी फिरणे जवळजवळ सोडले होते. शेवटी हृदयरोगतज्ज्ञांनीच त्यांना समजावले की स्टेंट बसला म्हणजे उपचार संपला असे नव्हे. नियमित आणि बेताचा व्यायाम हाही औषधाचाच भाग आहे. ट्रेडमिलवरील ताण चाचणी झाली, तिचा निष्कर्ष समाधानकारक आला आणि डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. तीन महिने दादांनी घराजवळच्या मैदानाभोवती रोज अर्धा तास, मग पाऊण तास, मग तासभर सायकल चालवली. मुळशी ही त्या तयारीची परीक्षा नव्हती. तयारी झाली आहे याची घराला खात्री पटावी, एवढाच हेतू होता.

आम्ही चौघे होतो: दादा, वहिनी, त्यांची चौदा वर्षांची मुलगी आणि मी. पौडपर्यंतच्या रहदारीत सायकल चालवण्यात शहाणपण नव्हते, म्हणून सायकली छोट्या टेम्पोतून मालेपर्यंत पाठवल्या. वहिनी मोटार घेऊन मागे-पुढे राहणार होत्या. मोटारीत पाणी, औषधे, जादा ट्यूब आणि हवा भरण्याचा पंप होता. दिवस मुद्दाम आठवड्याच्या मधला निवडला, कारण हा रस्ता पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जातो आणि शनिवार-रविवारी त्यावर भरधाव मोटारींची रांग लागते.

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या बैठकीची उंची तपासली. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण गुडघ्यांचे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते. बैठकीवर बसून टाच पायट्यावर ठेवावी; पायटा सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाच्या चवड्याने पायटा मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि त्यावर अवाजवी ताण येत नाही. बैठक फार खाली असेल तर दर फेऱ्याला गुडघा दुमडतो आणि संध्याकाळी दुखू लागतो. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठक पेलते, म्हणूनच चालताना ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशा अनेकांना सायकल मानवते. टायरमधली हवाही पाहिली. हवा भरलेल्या टायरचे श्रेय जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या पशुवैद्याकडे जाते. मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यांनी असे टायर तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. एका पित्याची ती काळजी आज खडबडीत रस्त्यावर आपल्या पाठीच्या कण्याला उपयोगी पडते.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही मालेहून निघालो. या मार्गाची एक सोय नकाशा पाहून लक्षात येत नाही. सकाळी आपण पश्चिमेकडे जातो, तेव्हा ऊन पाठीवर असते. दुपारनंतर पूर्वेकडे परततो, तेव्हाही ते पाठीवरच राहते. दिवसभर सूर्य डोळ्यांत येत नाही. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मात्र फसवा असतो. हवा गार असल्याने ऊन लागत आहे हे कळत नाही आणि मान व मनगटे भाजून निघतात. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मानेवर ओला रुमाल, गडद चष्मा आणि शिरस्त्राण एवढे घेतले की पुरे. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी घ्यावे. आम्ही साध्या पाण्याबरोबर लिंबू, मीठ आणि साखर घातलेले सरबत नेले होते. दादांच्या बाटलीत मीठ बेताचे होते, कारण त्यांना रक्तदाबाचे पथ्य आहे.

मुळशीच्या रस्त्यावर मोठा चढ क्वचित लागतो. मात्र लहान चढउतार सतत येत राहतात. पाण्याची एखादी जीभ डोंगराच्या कुशीत शिरते, रस्ता तिला वळसा घालून आत जातो, ओढ्यावरचा लहान पूल ओलांडतो आणि पुन्हा बाहेर येतो. मोटारीतून जाताना ही वळणे केवळ पोटात ढवळतात. सायकलवरून प्रत्येक वळणाची निराळी हवा कळते. कुशीत शिरताना सावली, ओल आणि कुजलेल्या पानांचा वास येतो. बाहेर पडताना ऊन, वारा आणि कापलेल्या भाताचा गंध. खाचरांतून कापणी चालू होती. आंबेमोहर हा या मातीचा भात. आंब्याच्या मोहरासारखा त्याला वास येतो म्हणून त्याचे हे नाव. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एका खळ्यावर पेंढ्या झोडणे चालले होते. भाचीने सायकल थांबवून मूठभर भात हातात घेतला आणि हुंगला. दुकानातल्या पिशवीवर वाचलेले नाव तिला त्या दिवशी नाकाने कळले.

पळसे गावाच्या पुढे एक चढ लागतो. तेथे दादांचा श्वास वाढलेला मला ऐकू आला. आम्ही सकाळीच एक नियम ठरवला होता: बोलता येईल तोवर सायकल चालवायची, वाक्य तुटू लागले की उतरायचे. मध्यम श्रमाची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. अशा श्रमात माणूस बोलू शकतो, परंतु गाऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे ज्या मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे, तो असाच व्यायाम होय. मी विचारले, "दादा, कसं वाटतंय?" उत्तर दोन तुकड्यांत आले. ते स्वतःच उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. मागून मोटार आली. वहिनींनी काच खाली केली. मला वाटले, आता त्या "गाडीत बसा" म्हणणार. त्यांनी दादांच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले, "छातीत दुखत नाही ना? घाम गार नाही ना?" एवढेच विचारले आणि नकार मिळताच गाडी हळूच पुढे नेली. वर्षभरात प्रथमच त्यांनी दादांना मागे टाकले होते. भाचीही उतरून वडिलांच्या बरोबरीने चालू लागली. चढ संपेपर्यंत दोघांच्या गप्पा मला ऐकू येत होत्या. चढावर उतरून चालण्यात कमीपणा नाही, हे मोठ्यांनी मुलांसमोर करून दाखवावे. थकल्यावर थांबणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे.

चढाच्या माथ्यावर एका झाडाखाली आम्ही टेकलो. शेजारच्या खाचरात भारे बांधणारी एक वृद्ध स्त्री आमच्याकडे पाहत होती. भाचीने तिला सरबत देऊ केले. आजीने ते घेतले, पदराने तोंड पुसले आणि आम्ही कुठून आलो याची चौकशी केली. भाचीने विचारले, "आजी, तुमचं गाव हेच का?" आजीने विळ्याचे टोक पाण्याकडे केले. "आमचं जुनं गाव तितं, पाण्यात. आमचे सासरे लहान व्हते तवा समदे उठून वर आले. ते सांगायचे, भात पिकावा तर खालच्या जमिनीत." तिने गावाचे नाव सांगितले, त्याच नावाची वस्ती आता वर टेकडीच्या उतारावर आहे. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. घराचा पत्ता सांगावा तसे तिने ते सांगितले. सकाळपासून ज्याची आम्ही तोंडभरून स्तुती करीत होतो ते पाणी आम्ही चौघांनीही थोडा वेळ निमूटपणे पाहिले.

मुळशीचे धरण मुळा नदीवर आहे. टाटांच्या वीज कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी अडवून वीजनिर्मितीची मालिकाच उभारली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला आणि घरांना ती वीज हवी होती. त्यासाठी मुळशी खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे आणि त्यांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी. बापटांना "सेनापती" ही उपाधी याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा चालला आणि अखेर मोडला. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

हे सारे दादांना ठाऊक होते. नोकरीत असताना भिऱ्याचे नाव त्यांनी असंख्य वेळा उच्चारले असेल. परंतु झाडाखाली बसून ते भाचीला म्हणाले, "आम्ही नेहमी किती मेगावॅट एवढंच विचारायचो. किती गावं, हे कुणी विचारलं नाही."

ताम्हिणी गावात विंझाईदेवीचे मंदिर आहे. तेथे दर्शन घेऊन आम्ही शिदोरी सोडली. नाचणीची भाकरी, पिठले, भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी, काकडी आणि ताक असा बेत होता. श्रमाच्या मध्ये पोट तुडुंब भरू नये. जेवणानंतर रक्ताचा ओघ पचनाकडे वळतो आणि लगेच चढ चढणे हृदयाला जड जाते. म्हणून थोडे खाल्ले आणि तासभर विसावलो. हा परिसर २०१३ पासून अभयारण्य म्हणून राखला गेला आहे. सुदैव असेल तर उंच झाडांवरून झेप घेणारा शेकरू दिसतो. आम्हाला तो दिसला नाही, त्याची खडखडाटी हाक मात्र ऐकू आली.

दुपारी सायकली मंदिराजवळ ठेवून आम्ही मोटारीने निवे गावाकडून पिंपरीपर्यंत गेलो. तेथे रस्त्यालगत जमीन एकाएकी संपते आणि कुंडलिकेची दरी उघडते. सरळ तुटलेले काळे कडे, त्यांच्या तळाशी दाट रान आणि दूर खाली कोकण. सकाळपासून पायांनी जे मोजले होते त्याचा अर्थ येथे लागला. माले ते ताम्हिणी आम्ही जवळजवळ एकाच उंचीवर होतो, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. लहान चढ आले, तितकेच उतार आले. आणि त्या सपाटीला लागूनच हा सुमारे ५०० मीटरचा कडा. दादांनी भाचीला समजावले: "वीज पाण्याच्या पडण्यातून निर्माण होते. वर भरपूर पाऊस आणि शेजारीच एवढी खोली, अशी जागा सहजी मिळत नाही. डोंगरातल्या बोगद्यातून आणि नळांतून पाणी खाली भिऱ्याला सोडायचं, की चाकं फिरतात." मुळेचे पाणी मूळचे पूर्वेकडचे. पुण्यात मुठेला भेटून, भीमा आणि कृष्णा यांच्या संगतीने ते बंगालच्या उपसागराला जावयाचे. धरणाने त्याची पाठ फिरवली. ते पश्चिमेला उतरते, वीजगृहातून कुंडलिकेत येते आणि अरबी समुद्राला मिळते. कोलाडला होड्यांतून खळाळत्या प्रवाहाचा थरार अनुभवणारे पर्यटक याच सोडलेल्या पाण्यावर तरंगत असतात.

भाचीने विचारले, "बाबा, मग धरण बांधलं ते चूक की बरोबर?" दादांनी लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ज्या विजेवर मी चाळीस वर्षं जगलो तिला चूक कसं म्हणू? पण ज्यांनी किंमत दिली त्यांना कुणी नीट विचारलं नाही, हे चूकच." मला हे उत्तर पुरेसे वाटते. मुलांना प्रत्येक प्रश्नाचे गुळगुळीत उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. प्रश्न कोठून उगवतो ती जागा दाखवली तरी पालकांचे काम झाले.

परतीच्या वाटेवर वारा पडला होता. पाणी स्थिर होते आणि पलीकडच्या काठावरचे डोंगर त्यात उलटे उतरले होते. सकाळी ज्या चढावर दादा चालले होते तोच आता उतार झाला होता. तेथे मीच त्यांना ब्रेक जपून, पुढचा-मागचा एकदम लावण्यास सांगितले, कारण उतारावर केवळ पुढचा ब्रेक दाबणे धोक्याचे असते. मालेला पोहोचलो तेव्हा पाच वाजले होते. दादांनी सायकल टेम्पोला टेकवली, नाडी मोजली आणि आकडा वहिनींना सांगितला. वहिनींनी तो वहीत लिहिला. मग सायकल टेम्पोत चढवण्यासाठी दादांनी तिचा पुढचा भाग धरला, वहिनींनी मागचा. पिशवीसुद्धा उचलू न देणाऱ्या वहिनींनी त्या वेळी काही म्हटले नाही.

या काठाने जाऊ इच्छिणाऱ्यांना काही सूचना. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात धुके आणि निसरडा रस्ता यांमुळे येथे सायकल टाळावी. हृदयविकार, मधुमेह किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांची अनुमती घ्यावी आणि किमान दोन-तीन महिने घराजवळ सराव करावा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर तत्क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. डोंगरात मोबाईल सर्वत्र लागेलच असे नाही, म्हणून बरोबर एक वाहन असणे हिताचे. रस्त्याला सायकलसाठी वेगळी पट्टी नाही. एकामागे एक असे डावीकडून चालावे, मागे लाल दिवा लावावा आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. जलाशयात पोहण्यास उतरू नये. काठ कोठे एकदम खोल होतो हे वरून कळत नाही. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्यावा.

आणि एक सूचना आरोग्याच्या पुस्तकांत सापडणार नाही. काठावरच्या गावातून किलो-दोन किलो आंबेमोहर विकत घ्यावा आणि देणाऱ्याला त्याचे जुने गाव कोणते, हे विचारावे. सायकलवरून उतरलेल्या माणसापाशी तेवढा वेळ असतो. घरी तो भात शिजतो तेव्हा त्याच्या वासाबरोबर त्या गावाचे नावही आपल्या ताटापर्यंत येते.